आत्या कुणाकडच्या?

ऐका मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. घाबरू नका, मागच्या रांगेतली झोप मोडेल इतका अवघड नाही. प्रश्न असा — एखादं चांगलं काम तुमच्या हातून झालं, आणि नाव लागलं दुसऱ्याचं. मग ते काम कुणाचं? तुमचं, की त्याचं? ते वाया गेलं, की कुठे जमा झालं?

बघा, पुढच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. का हसल्या ते मला कळलं बरं का! स्वयंपाक या करतात, आणि पाहुणे निघताना म्हणतात, "दादा, जेवण फार छान झालं हो." दादांनी काय केलं? दादांनी पाट मांडले! आणि दादा म्हणतात काय, "अहो, काही विशेष नव्हतं, साधंच केलं होतं." जणू पुरणपोळ्या यांनीच लाटल्या.

आता याचं उत्तर शास्त्रात आहे. पण शास्त्र काढलं की तुम्हाला जांभया येतात. पेटीवाले बुवासुद्धा देतात, मी बघतो ना इथून. म्हणून आज शास्त्र राहू द्या बाजूला. आज मी तुम्हाला नेतो कापडाच्या दुकानात. — हां! बायका कशा सरसावून बसल्या! आणि पुरुष उगाच खिसे चाचपताहेत. अहो, बसा निवांत, नुसत्या बघायच्या आहेत साड्या.

तालुक्याच्या गावी, भर पेठेत एक मोठं कापडदुकान होतं. खाली शर्टपीस, टॉवेल, टोप्या. जिना चढून वर गेलं की पांढरीशुभ्र गादी घातलेली. लग्नाच्या साड्या तिथे. आणि त्या गादीवर उभा असायचा मुरलीधर हेंद्रे. सेल्समन. वय पन्नाशीकडे झुकलेलं, डोक्याचे केस काळेभोर, कारण दर रविवारी रंगवायचा. पण मिशी रंगवायची राहून जायची. हात असा सफाईदार की साडी उघडली की पाण्यासारखी पसरायची. घड्या घालायची इतकी सवय, की घरी जेवताना पोळीसुद्धा घडी घालून खायचा. बायको म्हणायची, "अहो, पिशवीत भरून देऊ का?"

पगार होता, पण नावाला. खरं पोट कमिशनवर. कमिशन म्हणजे काय, ठाऊक आहे ना? गिऱ्हाइकाने घेतलं, तर तू काम केलंस. नाही घेतलं, तर दिवसभर काय केलंस? काही नाही. उभा होतास! अहो, सकाळपासून दुकानभर साड्या पसरल्या, घसा बसला, पाठीचा काटा ढिला झाला, तरी संध्याकाळी हिशेब काय? उभा होतास.

आणि दुकानाचे नियम दोन. पहिला — गिऱ्हाईक घ्यायचं पाळीने. आलेलं गिऱ्हाईक ज्याच्या पाळीला येईल त्याचं. दुसरा नियम त्याहून कडक — कमिशन बिल करणाऱ्याला. दाखवणाऱ्याला नाही, करणाऱ्याला. म्हणजे आज मुरलीधरने अख्खा दिवस साड्या दाखवायच्या, गिऱ्हाईक उठून जाणार, उद्या येऊन दुसऱ्याच्या पाळीत "ती कालची द्या हो" म्हणणार, आणि कमिशन त्या दुसऱ्याचं. त्या दुसऱ्याने काय केलं? त्याने पिशवी भरली!

आणि गिऱ्हाईक उठून जाताना काय म्हणतं? तुम्ही काय म्हणता? सांगा ना. लाजू नका, देवळात बसलोय आपण.

"जरा फिरून येतो."

बरोबर? अहो, कुठे फिरून येता? चंद्रावर? माझ्या आयाबहिणींनो, तुम्ही दुकानात जाता, शेवटच्या कप्प्यातली शेवटची साडी खाली उतरवता, आणि मग म्हणता, "हाच रंग, पण असा नको. असाच, पण वेगळा." तो बिचारा हसून म्हणतो, "दाखवतो ना ताई." आणि पुरुष मंडळी — तुम्ही तर गादीवर लोडाला टेकून चक्क घोरता. तरी तो तुमच्या पायाशी साड्या पसरत असतो.

तर अशात त्या वर्षी शेठने नवीन टूम काढली. भिंतीला एक बोर्ड लावला. त्याच्यावर सगळ्या सेल्समनची नावं, ज्याची विक्री जास्त तो वर. आणि शेठ म्हणाला, "लग्नसराई संपताना ज्याचं नाव सगळ्यात खाली असेल, तो गादीवरून उतरेल. त्याने टॉवेल-टोपीच्या काउंटरला बसायचं."

मंडळी, टॉवेल-टोपी! तिथे कमिशन नाही, आणि कौशल्यही नाही. टॉवेलमध्ये काय दाखवणार? हा बघा, ओला असेल तर असा, कोरडा असेल तर असा? मुरलीधरची उमर त्या गादीवर गेली होती. गावात त्याला ओळखायचे ते "गादीवरचे मुरलीभाऊ" म्हणून. आणि त्या वर्षी नेमकं काय झालं कोण जाणे, त्याच्या पाळीला येणारं प्रत्येक गिऱ्हाईक फिरून यायला जायचं. लग्नसराई सरत आली, आणि मुरलीधरचं नाव बोर्डाच्या तळाला. त्याच्या वर किशोर म्हणून एक तरणा सेल्समन. दोघांत अंतर फार नाही. एक चांगला बस्ता मिळाला की मुरलीधर वर, किशोर खाली. एकच बस्ता.

बस्ता तुम्हाला सांगायला नको. लग्नाचं सगळं कापड एकदम घ्यायचं. नवरीकडचे येतात, नवऱ्याकडचे येतात, दोन-दोन जीपगाड्या भरून. नवरीचा शालू, करवलीची साडी, मानपानाच्या साड्या, शेवटी टॉवेल-टोप्या. दिवस मोडतो. आणि त्या सराईचा शेवटचा बस्ता जिना चढून वर आला, तेव्हा पाळी कुणाची होती? मुरलीधरची!

मुरलीधरने मनात देवाला हात जोडले आणि जिन्याच्या तोंडाशी गेला. "या काका, या. या वहिनी, पंख्याखाली बसा. या आत्या, वर या, जपून. लोडाला टेका. अरे, आत्यांना पाणी आणा रे."

आता त्याच्या धंद्यातली एक गोम सांगतो. बस्त्याला माणसं येतात पंचवीस, पण ठरवणारं माणूस एकच असतं. ते ओळखलं की बस्ता जिंकला. आणि ते कोण असतं? जो जास्त बोलतो तो नसतो. जो पैसे देणार तो तर नसतोच नसतो! शांत बसलेलं, सगळ्यांनी ज्याला जागा करून दिली, ते माणूस. मुरलीधरने नजर फिरवली. गादीच्या बरोबर मधोमध, दोन्ही घरांच्या मध्ये, एक म्हातारी बसलेली. नऊवारी, कपाळावर मोठं गोंदण, हातात कापडी पिशवी. गप्प. मुरलीधर मनात म्हणाला, सापडली. हीच ती.

मग काय! त्याने पहिला भरजरी शालू काढला तो थेट तिच्यापुढे उलगडला. स्वतःच्या खांद्यावर पदर घेतला, एवढा मिशीवाला बाप्या, आणि लाजून उभा राहिला. "कसा वाटतो, आत्या?"

नवऱ्याची आई, म्हणजे वरमाई, मोठ्या हौसेची बाई. तिचे डोळे चमकले. "भारी आहे. हाच घेऊ. लोकांनी बघत राहिलं पाहिजे." पण आता दुकानदाराने एवढ्या मानाने म्हातारीला विचारलंय म्हटल्यावर तिनेही रीत म्हणून विचारलं, "आत्याबाई, तुम्ही सांगा."

म्हातारीने शालूवर हात फिरवला. मग नवरीकडे बघितलं. ऋतुजा तिचं नाव, अंगाने अगदी किरकोळ पोरगी.

"पोरी, हे खांद्यावर घे. आन् जरा चालून दाव."

ऋतुजाने शालू खांद्यावर घेतला. दोन पावलं टाकली आणि काठात पाय अडकला. पडायचीच, करवलीने धरलं.

म्हातारी म्हणाली, "साडी झ्याक हाय. पर हिच्यात पोरगी दिसंना. लगीन साडीचं लावायचं का पोरीचं?"

सगळे हसले. नवरीचा बाप सगळ्यात मोठ्याने हसला. तो मनात म्हणाला, वरपक्षाची म्हातारी किती मोकळ्या मनाची! वरमाई मनात म्हणाली, नवरीकडच्या बाईने स्वतः हलकी साडी मागावी, केवढा समजूतदारपणा! आणि मुरलीधर मनात काय म्हणाला, ते देवळात सांगण्यासारखं नाही. भारी शालू गेला की त्याचं कमिशन गेलं.

पण करतो काय? ठरवणाऱ्या माणसाला उलट बोलायचं नाही, हा धंद्याचा नेम. त्याने हलकी, मऊसूत, आंबा रंगाची साडी काढली. म्हातारी म्हणाली, "ही. ही नेसून पोरगी जेवंल बी आन् हसंल बी." ऋतुजा खरंच हसली. ठरली!

मग आल्या मानपानाच्या साड्या. आता मला सांगा, तुमच्या कपाटात मानपानाच्या किती आहेत? त्यातली एक तरी नेसलात? मुरलीधरने गठ्ठाच्या गठ्ठा उतरवला. म्हातारी गठ्ठ्याकडे बघून म्हणाली, "ह्या कोण नेसनार? ह्या ह्या घरातनं त्या घरात फिरत्यात. चुलतीला दिली की चुलती मामीला देती. शेवटाला आपलीच साडी आपल्याला ओवाळून येती. त्यापरीस थोड्या घ्या, पर नेसाव्या वाटतील अशा घ्या."

आता बायका इतक्या हसल्या, की खालची गिऱ्हाइकं वर बघायला लागली. तुम्हीही हसलात ना? का हसलात? कारण खरं आहे! पण प्रत्येक खऱ्या बोलण्याला मुरलीधरचं बिल आटत होतं. कपाळाला घाम. तरी हिशेब केला — राहिलंय ते बिल झालं, तरी किशोरच्या वर जातोय. थोडक्यात का होईना, गादी राहतेय. एकदा बिल झालं की सुटलो.

सगळी खरेदी ठरली. चहा आला. नवरीच्या बापाचं मन भरून आलेलं. तो लेकीला म्हणाला, "ऋतू, तुझ्या सासरच्या आत्याबाईंच्या पाया पड बाळ. अशी माणसं मिळायला भाग्य लागतं."

वरमाईने कप खाली ठेवला. "आमच्या? अहो, त्या तुमच्याकडच्या ना?"

"आमच्या कुठल्या? तुमच्याच की."

"आमच्याकडे आत्याच नाहीत. यांना बहीणच नाही."

पंचवीस माणसं म्हातारीकडे बघताहेत. मग सगळ्यांनी मिळून बघितलं मुरलीधरकडे. म्हातारी शांतपणे बशीतला चहा पीत होती.

पेटीवाले, हसू नका. अहो, लग्नात अशी चूक कुणाचीही होते! कार्यालयात बघा, पहिल्या पंगतीला एक गृहस्थ जेवून जातो, दोन्हीकडचे त्याला "या, बसा" म्हणतात, आणि आठवड्याने कळतं की तो शेजारच्या कार्यालयातल्या लग्नाला आला होता.

पण वरमाईला हसू नाही आलं. तिचा चेहरा लाल झाला. "म्हणजे परक्या बाईने आमच्या सुनेचा शालू ठरवला? आणि आम्ही ऐकत बसलो? मानपान कमी केला, तोही हिच्या सांगण्यावरून? लोकं काय म्हणतील?" शेठ धावत आला, हात जोडले, सरबत मागवलं. काही उपयोग नाही. ती उठली, मागोमाग सगळे उठले. आणि जिन्याच्या तोंडाशी नवऱ्याचे काका मागे वळून म्हणाले — म्हणा माझ्याबरोबर —

"जरा फिरून येतो."

गेले! दोन्ही जीपगाड्या गेल्या. शेठ मुरलीधरपाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मुरलीधर, उद्यापासून खाली बस." आणि तोही गेला.

आता गादीवर राहिलं काय? साड्यांचा डोंगर, त्याच्या एका बाजूला मुरलीधर, दुसऱ्या बाजूला म्हातारी. मुरलीधरचं डोकं भणभणत होतं. उमर गेली त्या गादीवर, आणि ती गादी घालवली कुणी? एका अनोळखी म्हातारीने! तो दात आवळून म्हणाला, "बाई, तुम्ही आहात तरी कोण?"

ती म्हणाली, "मी कौसाबाई. शिंगव्याची. पुतण्या पाण्याची मोटार दुरुस्तीला घिऊन गेलाय. मला म्हनला, सावलीला कुटं तरी बस. मी तुमच्या जिन्यापाशी टेकाया आले, तर एवढी मानसं वर निघाली. आन् तुम्हीच म्हनला, या आत्या, वर या, लोडाला टेका. मी आले."

मुरलीधरने कपाळावर हात मारला. कारण खरंच तोच म्हणाला होता! अहो, तो प्रत्येक म्हातारीला आत्या म्हणायचा. धंद्याची सवय. जीभ आपोआप वळायची.

"पण बाई, ते तुम्हाला साड्यांचं विचारत होते. तुम्ही सांगायचं ना, की मी त्यातली नाही."

"मला वाटलं, हितं अशीच रीत आसंल. म्हाताऱ्या मानसाला इचारून घ्यायची." तिने मांडीवरची पिशवी सारखी केली. "खरं सांगू का? मला आजवर साडीचं कुनी इचारलंच न्हाई. माझ्या लग्नात साडी कंची, ते मला अंगावर घातल्यावर कळलं. पुढं मालकानं आनली ती नेसले, मग पोरानं आनली ती नेसले. आज एवढी मानसं इचाराया लागली, तर मनातलं सांगत बसले. माझं चुकलं का?"

आता तुम्हीच सांगा, चुकलं का तिचं? मुरलीधरला रागावायचं होतं हो, मनापासून रागावायचं होतं. पण राग कुठे ठेवावा ते त्याला कळेना. तो खाली बसला आणि गुपचूप साड्यांच्या घड्या घालायला लागला. कौसाबाईने पिशवी बाजूला ठेवली आणि साडीचं दुसरं टोक धरलं. एकट्याने नऊवारीची घडी होत नाही, दुसरं माणूस लागतं. दोघं घड्या घालत बसले.

आणि घड्या घालता घालता मुरलीधरच्या तोंडून एक प्रश्न निघाला. धंदा सोडून निघालेला, बहुतेक पहिलाच.

"आत्या, यातली तुम्हाला कुठली आवडली?"

ती लाजली. एवढी बोलकी बाई, या प्रश्नाला लाजली. मग हळूच एका साडीवर बोट ठेवलं. हिरवी इरकल, लाल काठाची. तिने मघाशीच ती बाजूला, मांडीजवळ सरकवून ठेवली होती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"देऊ का?" तो सवयीने म्हणाला.

"न्हाई वो. बघितली, झालं." तिनेच तिची घडी घातली, आणि मुरलीधरच्या हातात दिली. त्याने ती मागच्या कप्प्यात ठेवली. पुतण्या आला, कौसाबाई जिना उतरून गेल्या.

मंडळी, दुसऱ्या दिवशी सकाळी मुरलीधर टॉवेल-टोपीच्या काउंटरला. स्टुलावर बसलेला, कारण तिथे गादी नाही. मान खाली. आणि दारात कोण उभं? दोन जीपगाड्या!

फिरून आले! काय सांगता! त्या सराईत त्याचं एक तरी गिऱ्हाईक फिरून आलं होतं? आणि आले ते नेमके आज. मुरलीधरच्या समोरून सगळे वर गेले. एकानेही त्याला ओळखलं नाही. गादीवर बघितलेला माणूस स्टुलावर बसला की ओळखू येत नाही. वर पाळी कुणाची? किशोरची.

वर झालं असं. रात्री घरी ऋतुजा आईबापाला म्हणाली होती, "सगळ्यांनी साडी बघितली. माझा पाय अडकला ते त्या एका आत्यांनी बघितलं. मी नेसेन तर तीच साडी." बापाने पहाटेच वरमाईला फोन केला. भीत भीत केला. वरमाई म्हणाली, "मलासुद्धा रात्रभर तेच आठवतंय. माझ्या लग्नात मी शालू सांभाळत होते, नवऱ्याचं तोंड नीट बघितलं नाही." बाई हौशी होती, पण मनाने खोटी नव्हती.

तर किशोरला एक घडी मोडावी लागली नाही. "कालची आंबा रंगाची. कालच्या त्या थोड्या मानपानाच्या." किशोरने बिल केलं. बोर्डावर किशोर आणखी वर. मुरलीधरच्या नाकासमोरून पिशव्या खाली उतरल्या. काल ज्याने दिवसभर कंबर मोडली, त्याचं नाव कुठेच नाही.

आता माझा पहिला प्रश्न इथे बसतो. पण थांबा, अजून गंमत आहे. बस्त्यात शेवटी काय घेतात? टॉवेल-टोप्या! सगळे आले मुरलीधरच्या काउंटरला, आणि ऋतुजाने ओळखलं.

"काका, तुम्ही? त्या आत्या कुठे राहतात, माहीत आहे का?"

वरमाई पुढे झाली. "आम्हाला त्यांना लग्नाला बोलवायचंय हो. पण असं मोकळ्या हाताने कसं बोलवायचं? आहेर हवा. मानपानाची एखादी साडी घालू म्हटलं, तर ही म्हणते, तीच तर त्यांना आवडत नव्हती. त्यांना आवडेल असं काय द्यावं, तेच कळत नाही."

मंडळी, त्या क्षणी सगळ्या दुकानात एकाच माणसाला ते माहीत होतं. आणि त्याच्यापाशी ही केवढी संधी आली बघा! शेठ समोर उभा. गिऱ्हाईक समोर उभं. मुरलीधरने एवढंच म्हणायचं, "सांगतो. पण काल तुम्हाला साड्या मी दाखवल्या होत्या, हे आधी शेठना सांगा. बिल माझ्या नावावर लावायला सांगा." गिऱ्हाइकाने शब्द टाकला असता, शेठने ऐकलं असतं. बिल मुरलीधरचं, बोर्ड मुरलीधरचा, गादी मुरलीधरची! आणि खोटं काय होतं त्यात? हक्काचं होतं. तुम्ही म्हणाला असतात की नाही? मी तर म्हणालो असतो बुवा.

मुरलीधरने तोंड उघडलंसुद्धा. शेठकडे बघितलं. वर जिन्याकडे बघितलं. आणि म्हणाला,

"हिरवी इरकल. लाल काठाची. मागच्या कप्प्यात आहे."

बस्स! एवढंच म्हणाला.

किशोर वरून साडी घेऊन आला. जरा ओशाळला होता. "मुरलीभाऊ, बिल... माझ्या नावावर टाकू?"

"टाक," मुरलीधर म्हणाला, आणि टोप्या मोजायला लागला.

हे मला कसं कळलं? अहो, मी उपरणं त्याच्याकडूनच घेतो. त्यानेच सांगितलं. मी विचारलं, "मुरलीभाऊ, का नाही बोललात?" तो म्हणाला, "महाराज, जन्मभर माणसांना आवडनिवड विचारली, ती विकायला विचारली. तिची एकटीची अशीच विचारली होती. मग ती विकायची कशी?"

मंडळी, मी आठवडाभर पोथी सांगतो, पण त्या दिवशी त्याच्यापुढे मीच हात जोडले. उपरणं घेऊन घरी आलो.

तुम्हाला वाटत असेल, आता शेठ विरघळणार, मुरलीधरला गादीवर बसवणार. कीर्तनात तसंच होतं ना? नाही बसवलं. तो अजून टॉवेल-टोपीलाच आहे. शेठ काही वाईट माणूस नाही, पण शेठ तो शेठ.

मात्र लग्नात एक गोष्ट झाली. मुरलीधरने गाव सांगितलं, तेव्हा वरमाई त्याला म्हणाली होती, घर तुम्हालाच सापडेल, तुम्हीच घेऊन या त्यांना. तो शिंगव्याला जाऊन कौसाबाईंना घेऊन आला. हिरवी इरकल नेसून आल्या! मांडवात दोन्हीकडची माणसं दारात. बाप म्हणतो, "आत्या आमच्याकडे बसतील." वरमाई म्हणते, "छे, आमच्याकडे." कालपरवा जिला कुणी आपली म्हणेना, तिच्यासाठी ओढाताण! शेवटी बसल्या मधोमध. पंगत मांडली. मुरलीधर मागे, खांबाशी उभा. सेल्समन माणूस, उभं राहायची सवय. कौसाबाईंनी त्याला हाताला धरून शेजारच्या पाटावर बसवलं.

वाढणारा एक पाव्हणा म्हणाला, "आत्या, हे कोण?"

कौसाबाई म्हणाल्या, "ह्यो? माझा भाचा."

मुरलीधर पानावर वाकला. जन्मभर तालुक्यातल्या प्रत्येक म्हातारीला आत्या म्हणाला होता. भाचा कुणी म्हणालं नव्हतं. शेजारच्याला वाटलं, ठेचा तिखट लागला.

आता सांगा, त्याचं काम वाया गेलं? बोर्डावर नाही लागलं हो. मग कुठे लागलं? तुम्हाला दिसलं ना कुठे लागलं? झालं तर. प्रश्न सुटला.

पण तुम्ही म्हणाल, "महाराज, आमचा काय संबंध? आम्ही काही दुकानात नाही, आमच्याकडे कमिशनवर कुणी नाही." असं का? खरंच कुणी नाही? मागे वळून गाभाऱ्याकडे बघा बरं एकदा. तो कशावर आहे? पगारावर, की कमिशनवर?

"देवा, पोरगं पास होऊ दे, पेढे वाटीन." — कमिशन! "देवा, बदली होऊ दे, अभिषेक घालीन." — कमिशन! काम झालं तर नारळ. नाही झालं तर? नाही झालं, तर दिवसभर काय केलंस, देवा? उभा होतास! आणि पुढे काय म्हणता? तोंडाने म्हणत नाही, पण पाय म्हणतात. इथे नवस फळला नाही की शेजारच्या गावच्या देवाकडे. त्याने नाही ऐकलं की त्याच्या पलीकडच्या. जरा फिरून येतो!

आणि हा काय करतो माहीत आहे? तुम्ही उठून गेलात, की तुम्ही जे सगळं विस्कटून गेलात, त्याच्या घड्या घालत बसतो. रागावत नाही, बोर्ड लावत नाही. त्याने दिलेलं तुम्ही दुसऱ्या देवाच्या नावावर लावलंत म्हणून भांडत नाही. आणि उद्या तुम्ही परत आलात, तर म्हणतो, "या. पंख्याखाली बसा."

अहो, एवढं त्याच्याकडे येता, कधी त्याला विचारलंत का? पंचवीस गोष्टी मागता, पण "देवा, तुला काय आवडतं?" असं कधी विचारलंत? आज विचारा. घरी जाताना पायरीवर थांबा, आणि काहीही न मागता, असंच विचारा. तो लाजेल बघा. सवय नाही त्याला.

चला, उठा आता. मृदंगावर थाप पडू द्या, आणि मोठ्याने नाव घ्या. शेजारच्याच्या नावावर लागलं तरी चालेल, पण मनापासून घ्या. आणि त्या मागच्या दादांना उठवा रे कुणीतरी, ते अजून लोडाला टेकून आहेत.